थांबलेल्या गाडीतले दिवे

कोकणात रेल्वे येणार, ही घोषणा आमच्या चाळीच्या पटांगणात दर निवडणुकीआधी एकदा होत असे. घोषणा करणारा बदले, शाल बदले, हारातली फुलं बदलत. गाडी तीच राही. चाळीतली बहुतेक बिऱ्हाडं तळकोकणातली. ती मनापासून टाळ्या वाजवत आणि मे महिन्यात एसटीच्या रांगेत जाऊन उभी राहत. त्यामुळे गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षी, गणेशोत्सव मंडळाच्या बैठकीत बाबांनी "यंदा देखाव्यात आपण कोकणची रेल्वे आणू" असं सांगितलं तेव्हा कोणी हसलं नाही. आधीच्या वक्त्यांच्या मानाने बाबांचा शब्द भरवशाचा होता. ते निदान गाडी स्वतः करणार होते.

बाबा लालबागजवळच्या एका गिरणीत साचेवाले होते, म्हणजे मागावर कापड विणणारे. संपात ते इतरांबरोबर बाहेर पडले, आणि पुढे गिरणीचे दरवाजे अर्धेमुर्धे उघडले तेव्हा आत घेतलेल्यांत ते नव्हते. संप संपला असं कोणी येऊन सांगितलं नाही. लोक हळूहळू त्याबद्दल बोलेनासे झाले, एवढंच. आई मसाल्याच्या दुकानात मिरच्या निवडायला आणि भाजायला जाऊ लागली. मी गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा, असं सुखाचं काम. बाबा मात्र पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला उठत, दाढी करत, स्वच्छ सदरा घालत आणि गॅलरीत जाऊन उभे राहत. पुढे काय करायचं ते त्यांना माहीत नसे. देखावा हे एकच काम असं उरलं होतं, की ज्यासाठी लोक अजून त्यांना हाक मारत.

त्या वर्षी उन्हाळ्यात थोरले काका गावाहून आले. खाटेवर बसले, चहा घेतला आणि सरळ मुद्द्यावर आले.

"हय काय ठेवलां हा? गिरण तुका घेणा नाय. थंय घर आसा, शेत आसा. खोली सोड आणि चल मरे गावाक."

बाबांनी बशीतला चहा संपवला. मग म्हणाले, "गणपती होवंदेत. देखावो करतंय आणि येतंय."

आमच्याकडे भावजय मोठ्या दिराशी थेट बोलत नाही. खोली दहा बाय बाराची. आई स्टोव्हपाशी, काका खाटेवर, दोघांमध्ये फार तर चार हात अंतर. तरी आईने डोक्यावरचा पदर नीट केला आणि मला सांगितलं, "बाय, काकांका सांग, ह्यांका जावचा आसात तर ह्यांनी जावचा. मी येवचंय नाय. माका हय काम आसा."

मी काकांकडे वळून तोंड उघडणार तोच काका म्हणाले, "सांग तिका, ऐकलंय मी."

म्हणजे गणपतीचं विसर्जन झालं की बाबा गावाला जाणार आणि आई इथेच राहणार. माझे आई-वडील मोठ्याने भांडत नसत. पण दोघांचाही एक दोष सारखा होता: एकदा बोललेलं ते मागे घेत नसत. काका गेले त्या दिवसापासून घरात कोणी हा विषय काढला नाही आणि मी दुसऱ्या कुठल्या विषयावर विचार केला नाही.

बाबांनी गाडीला हात घातला. इंजिन पत्र्याचं, त्यात जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर. रूळ म्हणजे फळीवर ठोकलेल्या पत्र्याच्या पट्ट्या. त्यांतून थोड्या व्होल्टची वीज जायची आणि इंजिनाच्या लोखंडी चाकांतून मोटरला मिळायची. डबे पुठ्ठ्याचे, हातभर लांब. आणि डब्यांची चाकं सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिनची. गिरणगावात बॉबिन घरोघर असत. सूत संपलं, बॉबिन फुटलं, की ते कोणाच्या तरी खिशातून घरी येई आणि त्याची खुंटी होई, मुलांचा गाडा होई, पाटाचा पाय होई. बाबांनी ती करवतीने कापून चकत्या केल्या, मधल्या भोकात सायकलच्या तारा घातल्या, झाली चाकं.

आमच्या मंडळाचे अध्यक्ष एकदा बघायला आले. त्यांचं रेशनचं दुकान होतं आणि 'भव्य' या शब्दावर त्यांचा फार जीव होता.

"लाकडाची चाकं कशाला लावताय? पत्र्याची करून घेऊ. कुर्ल्याला आपला माणूस आहे, मस्त मशीनवर काढून देईल. दिसायला भव्य दिसेल."

"चाकं बॉबिनचीच," बाबा म्हणाले आणि करवत चालू केली. करवतीच्या आवाजात भाषण करता येत नाही, म्हणून अध्यक्ष गेले.

पहिला डबा तयार झाला तेव्हा बाबांनी तो जमिनीवर ठेवून मला दाखवला. छान होता. खिडक्या कापलेल्या, पायऱ्या लावलेल्या. आई नुकतीच कामावरून आली होती. तिच्या लुगड्याला मिरचीचा खकाणा असे, त्यामुळे ती आली की आधी आम्ही दोघं शिंकायचो आणि मग बोलायचो. ती वाकून खिडकीतून आत बघायला लागली.

"आत माणसा आसत काय नाय?"

"आसत असां समजायचां," बाबा म्हणाले.

"समजायचां कित्याक? दिवो लावा. दिसतली तरी."

बाबांनी तिला समजावलं, की इंजिनाची चाकं लोखंडी म्हणून त्याला रुळातून वीज मिळते. लाकडी चाकातून ती डब्यात चढणार नाही. आणि चाकं लोखंडी केली तरी गाडी उभी करायची म्हणजे रुळातली वीजच बंद करायची, तेव्हा थांबल्यावर दिवेही जाणार.

आईने शांतपणे ऐकून घेतलं. "गाडी थांबली की दिवे जातले? मगे लोकांनी काय ठेसनार काळोखात बसाचा? ह्यो खंयचो कायदो?"

झालं. डब्यांना आपापली बॅटरी हवी, हे त्या दिवशी ठरलं.

छापखान्यापासून लॅमिंग्टन रोड जवळ. तिथे विजेच्या बारीकसारीक वस्तूंची दुकानं ओळीने आहेत, आणि त्यातला प्रत्येक दुकानदार गिऱ्हाईकाला अडाणी समजतो. मी एकाला म्हटलं, खेळण्यातल्या रेल्वेच्या डब्यात लावायला लहान दिवे पाहिजेत. त्याने वर न बघता मला नवीन निघालेले, मुगाएवढे, अजिबात न तापणारे दिवे दिले. हे लय कमी सेल खातात, म्हणाला. खरंच कमी खात होते. पण ते लाल होते. पांढरे तेव्हा मिळतच नसत. डब्यात लावल्यावर सगळी गाडी लालभडक दिसू लागली.

आई म्हणाली, "फोटोवाल्यासारखे लाल दिव्यात फोटो धुवूचे आसत काय आत?"

दुसऱ्या दिवशी मी विजेरीतले साधे बल्ब घेऊन आले.

यानंतर जे झालं ते फक्त साचेवालाच करू शकतो. बाबांनी एका डब्यात तीन बल्ब घेतले आणि एकाच तारेत एकापुढे एक ओवले. डब्याच्या तळाला सहा पेन्सिल सेल. बटण दाबलं, तिन्ही दिवे लागले. मग त्यांनी मुद्दाम मधला बल्ब सैल केला, आणि तिन्ही गेले. बाबांच्या चेहऱ्यावर मला कितीतरी महिन्यांनी समाधान दिसलं.

"बघितलंस? एक गेलो की सगळे बंद. ताबडतोब कळता."

मला हा दोष वाटत होता. बाबांना तो गुण वाटत होता. मागावर ताण्याच्या, म्हणजे उभ्या, प्रत्येक धाग्यावर एक पातळ पत्री लोंबत असते. धागा तुटला की पत्री खाली पडते आणि अख्खा माग जागच्या जागी थांबतो. साचेवाला येतो, धागा शोधतो, गाठ मारतो, माग पुन्हा सुरू. थांबला नाही तर खराब कापड विणलं जाईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं हेच केलं होतं. एकाचं बिघडलं तर सगळ्यांनी थांबायचं, याहून शहाणी व्यवस्था त्यांच्या माहितीत नव्हती.

आई भाकरी थापता थापता बघत होती.

"तुमच्या साच्यात हजारभर धागे आसतीत. हय तीन माणसा बसली हत. एकाचो दिवो गेलो म्हणान बाकीच्यांनी कित्याक काळोखात बसाचा?"

भाकरी उलटली, फुगली, उतरली. ती डब्याबद्दलच बोलत होती, असं मी आजही धरून चालते.

डबा तसाच कोनाड्यात गेला. मला वाटलं, संपलं. पण दोन-तीन दिवसांनी मी कामावरून आले तर बाबा तारा सोडवून नव्याने बांधत होते. आता प्रत्येक बल्बाला दोन्ही बाजूंनी स्वतःची तार होती. एक गेला तर एकच जाणार. त्यासाठी सहा पेन्सिल सेल काढून विजेरीचे दोन जाडे सेल घातले. वजन वाढलं, पण त्यातून एक फायदा निघाला. पुठ्ठ्याचे हलके डबे वळणावर रुळावरून उडी मारायचे. तळाशी सेल आल्यावर ते पोट भरलेल्या माणसासारखे जागेवर बसले. तोटा असा, की इंजिनाला एवढं ओझं ओढवेना. सहा डब्यांचे चार करावे लागले.

"चार डब्यांची कसली रेल्वे?" अध्यक्ष म्हणाले. "लोक हसतील."

"अजून एकाही डब्याची आली नाहीये," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मुलगी शिकलेली आहे, असं बाबांना सांगितलं. हे कौतुक नव्हतं.

मग आईची पुढची मागणी आली. दिवा लावला की नुसत्या खिडक्याच नाही, तर डब्याच्या भिंतीही पेटल्यासारख्या दिसत. पुठ्ठ्यातून उजेड झिरपत होता. "ही काय गाडी की आकाशकंदील?" असं तिने विचारलं. बाबांनी नाक्यावरच्या पानवाल्याकडून सिगारेटच्या पाकिटांतले चंदेरी कागद जमवले आणि डब्यांना आतून अस्तर लावलं. भिंती अंधारल्या, खिडक्या उजळल्या. मग तिला बल्ब डोळ्यांत खुपायला लागला. "उजेड दिसाक होयो, बल्ब नको." खिडक्यांना बटर पेपर लागला, त्यातून आतलं काहीच दिसेना. "माणसा कशी दिसतली?" बटर पेपर काढला आणि बल्ब छताला लपवून खाली कागदाची पन्हळ लावली. छप्पर डब्याच्या झाकणासारखं उघडतं केलं, म्हणजे सेल संपले तर बदलता यावेत.

गिरणगावाने त्या दोन वर्षांत मागण्यांची पत्रकं कितीतरी पाहिली. त्यातली एकही मान्य झालेली मला आठवत नाही. आमच्या खोलीत मात्र आईच्या सगळ्या मागण्या एकामागून एक मान्य होत होत्या, आणि एक मान्य झाली की दुसरी पुढे येत होती. मला कळायला वेळ लागला. मुद्रितं तपासणारीची नजर; अक्षर दिसतं, मजकूर उशिरा. आईला आकाशकंदील आणि रेल्वे यांतला फरक इतका महत्त्वाचा वाटावा, अशी ती बाई नव्हती. तिला गाडी पुरी व्हायला नको होती.

मी तिला विचारलंच, बाबा खाली गेलेले असताना.

"आये, तू मुद्दाम करतेस ना?"

"काय मुद्दाम?" ती लसूण सोलत होती.

"रोज नवीन काहीतरी काढतेस."

"माणूस आजकाल गॅलरीत उभो रवाक नाय, बघितलंस?" ती म्हणाली. "कामार आसा. कामार आसलेलो माणूस कामाक सोडून जायत नाय. जा, पाणी भर."

शेवटची मागणी प्रवाशांची होती. पण ते काम तिने स्वतः घेतलं. संपात चाळीतली कितीतरी माणसं गावी गेली होती. कोणाचा नवरा, कोणाची सासू, काही तर अख्खी बिऱ्हाडं. दाराला कुलूप आणि कुलपावर धूळ. आमच्या मंडळात प्रत्येक खोलीने देखाव्याला काहीतरी द्यायचं अशी पद्धत आहे. कोणी जुनी चादर देतं डोंगराला, कोणी बुरणूस, कोणी आरसा तळ्यासाठी. आईने त्या वर्षी दारोदार जाऊन चिंध्या मागितल्या. गेलेल्या माणसाच्या कपड्याची एक पट्टी. लोकांना वाटलं डोंगरासाठीच हवीय. तिने त्यांच्या बोटाएवढ्या बाहुल्या केल्या आणि डब्यांत खिडकीशी बसवल्या. एकही उभी नाही. "लांबचो प्रवास आसा," ती म्हणाली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी मांडवात सगळं उभं राहिलं. गोणपाटाचा सह्याद्री, त्यात बोगदा, बोगद्याच्या अलीकडे एक स्टेशन. फलाटाच्या पाटीवर गावाचं नाव लिहायचं की नाही यावरून बैठक झाली; ज्याच्या त्याच्या गावाचा आग्रह. शेवटी पाटी कोरीच ठेवली. मंडळाच्या इतिहासातला तो एकमेव शहाणपणाचा ठराव. गाडी सुटे, वळसा घेई, बोगद्यातून बाहेर येऊन स्टेशनात थांबे. इंजिन बंद, पण चारही डब्यांच्या खिडक्या उजळलेल्या. बाबांनी पडद्यामागून बटण सोडलं आणि पुढे येऊन बघितलं. आम्ही तिघंच होतो.

सकाळी उठून बघतो तो मांडवात दोन हॅलोजन. एकेक केवढा तरी. अध्यक्षांनी रातोरात आणवलेले. उद्घाटनाला आमदारसाहेब येणार होते, त्यांचं पुठ्ठ्याचं मोठं चित्र प्रवेशद्वाराशी लावलं होतं, आणि फोटो नीट यायला उजेड हवा होता. त्या झोतात सह्याद्रीचं गोणपाट न् गोणपाट दिसत होतं. शिवणसुद्धा. चार डब्यांतले बारा बल्ब जळत होते की नाही, ते बाबांनाही कळलं नसतं.

"अध्यक्ष, खिडक्यांतले दिवे दिसत नाहीत," बाबा म्हणाले.

"अहो, गाडी दिसतेय ना? दिवे कोण बघतं! किती भव्य वाटतंय बघा."

साहेब आले, नारळ फुटला, कोकणात रेल्वे येणारच असं सांगून साहेब गेले. गाडीने त्यांच्यासमोर तीन फेऱ्या मारल्या. त्यांनी एकीकडेही पाहिलं नाही. फोटोवाला दुसऱ्या बाजूला होता. मी मनातल्या मनात वीज जाण्याची वाट बघत होते. आमच्या भागात ती एरवी नेमकी ताट वाढलं की जायची. त्या आठवड्यात एकदाही गेली नाही.

बाबांनी घरी येऊन खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढली आणि पुसायला घेतली.

"दिसणत नाय, तर नाय," ते ट्रंकेला म्हणाले. "काम केला, झाला."

आई दारात उभी होती. ट्रंक पुसून झाली, कडी लागते का ते बघून झालं. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हिशेब करत असावी तशी छताकडे बघत होती.

आमच्या मंडळात गौरींच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मांडव बायकांचा असतो. फुगड्या, गाणी, एकमेकींच्या सासवांचा उद्धार. पुरुषांना आत येता येत नाही. कार्यकर्ते, अध्यक्ष, सगळे कनातीबाहेर. त्या दुपारी मांडवात पन्नास-साठ बायका, वरून ताडपत्री, हवा बंद, आणि दोन हॅलोजन डोक्यावर. पहिल्या दोन फुगड्यांत सगळ्या घामाने निथळल्या.

आई उठली. विजेच्या फळीकडे गेली. "हे मोठे दिवे बंद करतंय गो. भाजून काढल्यानी."

"कर कर," कोणीतरी ओरडलं. "तुझ्या दुकानातल्या मिरच्यांपरास जास्त भाजतत."

खट, खट. दोन्ही हॅलोजन गेले. बाहेर ऊन असलं तरी ताडपत्रीखाली काळोखच होता. डोळे सरावायला क्षणभर गेला. मग कोणीतरी "अगो बाय!" म्हणालं.

बोगद्यातून गाडी येत होती. आधी डोंगराच्या पोटात उजेड सरकताना दिसला, मग एकेक खिडकी बाहेर आली. आईने मला पडद्यामागे बसवलं होतं. मी बटण सोडलं. गाडी स्टेशनात थांबली. दिवे तसेच.

बायका पुढे सरकल्या. आधी जरा लांबून, मग गुडघ्यांवर बसून. एकीने खिडकीशी नाक नेलं आणि म्हणाली, "ही आमची सासू. ह्या तिच्या इरकलीचा काठ." दुसरीला तिच्या जावेचं पोलकं सापडलं. मग एकदम गलका झाला. जिचा तिचा डबा, जिची तिची खिडकी. "आमची खंय?" "तुझी तिसऱ्या डब्यात, बघ, पंख्याखाली." पंखा नव्हता, पण कोणी वाद घातला नाही. सासवांची टवाळीही सुरू झाली: "माझी खिडकीकडे कशाक बसवलंस? गार वारो लागलो तर माका शिव्या घालतली."

आमच्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीतली एक बाई शेवटच्या डब्यासमोर गप्प बसली होती. तिचा नवरा संपात गावी म्हणून गेला आणि त्याच्याकडून काही कळलं नव्हतं. गावीही तो नव्हता, असं मागाहून आलेले सांगत. निळ्या चौकड्यांच्या सदऱ्याच्या पट्टीवर तिने खिडकीतून बोट टेकलं होतं.

मी आईकडे बघितलं. गाडी सोडायची वेळ झाली होती.

"थांबूंदे," आई म्हणाली. "घाई काय आसा?"

कनातीबाहेर बाबांना मोटरचा आवाज बंद झालेला ऐकू येत होता. ते अस्वस्थ झाले असणार. कापडापलीकडून त्यांचा आवाज आला. "काय झाला? बंद पडली?"

"बंद पडूक नाय," आईने मोठ्याने सांगितलं. "थांबली हा!"

"आत येव काय?"

"नाय! बायकांचो दिवस आसा!"

आतल्या सगळ्या हसल्या. त्या बाईनेही बोट काढलं आणि ती हसली. मग मी गाडी सोडली.

संध्याकाळी आरतीनंतर पुन्हा हॅलोजन लागले तेव्हा गॅलऱ्यांतून ओरडा सुरू झाला. "अध्यक्ष, दिवे घालवा!" तळमजल्यावरून, वरून, जिन्यातून. ज्या बायकांनी दुपारी पाहिलं होतं त्या घरच्यांना घेऊन आल्या होत्या. अध्यक्षांनी थोडा वेळ प्रतिष्ठा सांभाळली. मग माईक हातात घेऊन जाहीर केलं, की मंडळाने यंदा मुद्दाम एक अभिनव प्रकाशयोजना आखली असून तिचा लाभ सर्वांनी घ्यावा. हॅलोजन गेले. टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी त्या आपल्याकडे घेतल्या, आणि बाबांनी घेऊ दिल्या, कारण त्यांना वेळ नव्हता. दुसऱ्या डब्यातले दिवे पिवळे पडायला लागले होते. सेल उतरत होते.

त्यानंतरचे दिवस ते सेलांच्या मागेच होते. गाडी बोगद्यात असताना पडद्यामागे एक डबा काढायचा, छप्पर उघडायचं, सेल घालायचे, पुढच्या फेरीला जोडायचा. कामावर असताना गिरणीत जशी घाई तशी घाई. उतरलेले सेल उन्हात तापवले की थोडा वेळ पुन्हा चालतात, म्हणून पत्र्यावर ओळीने सेल वाळत. माणसं त्यांना थांबवून विचारायला लागली. आमच्या घरच्या मखरात असे दिवे लागतील का? वायर न ओढता? पलीकडच्या मंडळाचे दोघं येऊन डबा उलटा करून बघून गेले. एका बाईने सरळ सांगितलं, पुढच्या वर्षी माझ्या गौरीला असा उजेड पाहिजे, बल्ब न दिसणारा. बाबा सगळ्यांना एकच उत्तर देत: "बघू." पण त्या 'बघू'चा सूर रोज बदलत होता, आणि मुद्रितांतले बदल ओळखणं हे माझं कामच होतं.

विसर्जन झालं. घरचा गणपती उरकून काका गावाहून आले, दुपारच्या एसटीच्या दोन तिकिटांसह. मी रजा घेतली होती. आई नेहमीसारखी कामाला गेली होती. जाताना तिने बाबांचे दोन धुतलेले सदरे ट्रंकेवर घडी करून ठेवले, विनवणी केली नाही, मागे वळून पाहिलं नाही. मला तिचा राग आला. बाबांनी राहावं म्हणून तिला एक वाक्य बोलता आलं असतं, आणि ते तिने मिरच्यांना नेऊन दिलं.

काका खाटेवर बसले. बाबा जमिनीवर चारही डबे मांडून त्यांची छपरं काढत होते.

"चल, आटप," काका म्हणाले. "कपडे भरलंस?"

"दादा, जरा उठ," बाबा म्हणाले.

"कित्याक?"

"उठ तर."

काका उठले. बाबांनी खिडकीखालची भिंत वितीने मोजली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जिथे खाट होती. मग पुन्हा उलटीकडून मोजली.

"माका टेबल होया," ते म्हणाले. "जमनीर बसान कंबर धरता. तारा जोडूक उजेड खिडकीचो बरो."

"टेबल? गावाक टेबल घेवन जातंस?"

"गावाक नाय. हय."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी डब्यांकडे पाहिलं.

"आणि शेत?" काकांनी विचारलं.

"तू आसस मा."

"खाट खंय ठेवतलंस मगे? डोक्यार?"

"गॅलरीत. धर तिकडून."

काकांनी आणखी बराच वाद घातला, पण तो खाट उचलून. दारातून ती आडवी जाईना, उभी करावी लागली. "वायच डावीकडे, अरे तुझ्या डावीकडे नाय, माझ्या" असं करत दोघं भाऊ ती गॅलरीत घेऊन गेले. एसटीची वेळ टळली. तिकिटांबद्दल काका चार दिवस बोलत राहिले, पण टेबलाचे पाय किती उंच हवेत हेही त्यांनीच ठरवलं, कारण बाबांना लाकडातलं काही कळत नाही असं त्यांचं जुनं मत होतं.

आई संध्याकाळी आली. गॅलरीत खाट उभी. ती तिथेच थांबली, पिशवी हातात. आम्ही तिघंही शिंकलो.

"खाट भायर कित्याक?"

"टेबलाक जागा होयी," बाबा आतून म्हणाले. ते भिंतीवर खडूने रेघ मारत होते.

ती आत आली. रेघ बघितली; ती खिडकीच्या फळीपर्यंत वर जात होती, जिथे तिच्या बरण्या होत्या. तिने पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि एकेक बरणी उतरवायला घेतली.